अटॅचमेंटचं नाव नेमकं कुठे मोडतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका ट्रस्टकडे शिष्यवृत्तीचे अर्ज ईमेलने येतात. पायथॉनमध्ये लिहिलेली एक छोटी लायब्ररी त्या मेलमधली अटॅचमेंट काढून सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये ठेवते. इंग्रजी नावाच्या फाइली बिनबोभाट उतरतात. मराठी आणि गुजराती नावांचं मात्र काही खरं नाही. काही नावं ‘=?यूटीएफ-८?बी?’ अशा सुरुवातीची, न उलगडताच उतरतात. काहींच्या मध्ये काळ्या चौकटीतली प्रश्नचिन्हं येतात. काहींचं ‘.पीडीएफ’ नावाच्या पोटात शिरतं, काही फाइली सेव्हच होत नाहीत, आणि कधी एकच पावती दोन वेगळ्या फाइली म्हणून नोंदली जाते. विचारणाऱ्यांनी नाव जोडणाऱ्या फंक्शनचा तुकडा आणि एक स्क्रीनशॉट सोबत दिला आहे. नावं ‘साफ’ करण्यासाठी त्यांनी एक रेग्युलर एक्स्प्रेशन (अक्षरं शोधून बदलण्याचा नमुना) टाकलं, तर आता नावांतले काने आणि मात्राच गायब झाले. लायब्ररी बदलावी का, असं ते विचारतात.

लायब्ररी आत्ताच बदलू नका. तुमच्या तक्रारींचं मूळ एक नाही. निरनिराळ्या टप्प्यांवर निरनिराळ्या गोष्टी बिघडताहेत, आणि सगळ्यांचा परिणाम एकाच फोल्डरमध्ये दिसतो म्हणून तो एकच बग वाटतो. लायब्ररी बदललीत तर यातले दोन बग जातील आणि नवीन दोन येतील. दुसरं असं, की मेलच्या नियमांत लांब नावांसाठी आणि इंग्रजीबाहेरच्या अक्षरांसाठी ज्या वाटा आखल्या आहेत, त्या इंग्रजी नावांना सहसा लागतच नाहीत. आपली नावं मात्र रोज त्याच वाटेने जातात, त्यामुळे तिथला प्रत्येक खड्डा आधी आपल्याला लागतो. म्हणून शेवटी हाती आलेल्या नावावर मलमपट्टी करण्यापेक्षा नाव कोणत्या टप्प्यावर मोडलं ते आधी शोधायचं.

त्यासाठी पहिलं काम म्हणजे कच्चा मेल हातात घेणं. ज्यांच्या मेलमध्ये गडबड झाली त्यांना ‘मला फॉरवर्ड करा’ असं सांगू नका. फॉरवर्ड करताना समोरचा मेल-प्रोग्राम अटॅचमेंटचे हेडर, म्हणजे मेलमधल्या माहितीच्या ओळी, नव्याने लिहू शकतो. मग मोडलेलं नाव वाटेतच दुरुस्त होतं, किंवा वेगळ्याच तऱ्हेने मोडून येतं, आणि तुम्ही नसलेल्या बगचा पाठलाग करत बसता. ट्रस्टच्या मेलबॉक्समध्येच तो मेल उघडून मूळ संदेश ईएमएल फाइल (मेल जसा आला तसा, हेडरसकट) म्हणून उतरवून घ्या. ती फाइल वाचताना बायनरी मोडमध्ये उघडा आणि ‘मेसेज-फ्रॉम-बाइट्स’ वापरा. तुमच्या तुकड्यात ईएमएल आधी मजकूर म्हणून वाचली आहे आणि मग ‘मेसेज-फ्रॉम-स्ट्रिंग’ला दिली आहे. तिथे बाइट्सचं काय झालं हे आपल्याला पुढे कधीच कळणार नाही. ती ओळ सगळ्यात आधी बदला.

आता त्या ईएमएलमध्ये ‘कन्टेन्ट-डिस्पोझिशन’ आणि ‘कन्टेन्ट-टाइप’ हे दोन हेडर शोधा. पहिल्यात ‘फाइलनेम’ असतं, दुसऱ्यात बरेचदा ‘नेम’ असतं. दोन्ही ठिकाणी एकच नाव असावं अशी अपेक्षा असते, पण ते दोन वेगळ्या पद्धतींनी लिहिलेलं असू शकतं, आणि कधी एक बरोबर असतं तर दुसरं चुकलेलं. (इथे हेडरमधली अक्षरं देवनागरीत लिहितो आहे, तुमच्या फाइलीत ती रोमनच दिसतील.)

हे हेडर नुसत्या डोळ्यांनी वाचता येणं फार उपयोगी पडतं, म्हणून इथे थोडा थांबतो. कोडपॉइंट म्हणजे युनिकोडने एका चिन्हाला दिलेला क्रमांक. तो बाइट्समध्ये लिहायची एक पद्धत यूटीएफ-८, आणि तिच्यात देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट तीन बाइट्स घेतो. बेस६४ मध्ये, म्हणजे बाइट्स साध्या रोमन अक्षर-आकड्यांत लिहायच्या पद्धतीत, तीन बाइट्सची चार अक्षरं होतात. म्हणजे देवनागरीचं एक चिन्ह, मग ते ‘क’ असो, काना असो की हलन्त, बेस६४ मध्ये बरोबर चार अक्षरांचं होतं. देवनागरीचे पहिले दोन बाइट ठरलेले आहेत, हेक्स आकड्यांत ई० ए४ किंवा ई० ए५. त्यामुळे त्या चार अक्षरांतली पहिली तीन नेहमी ‘४-के-एस’ किंवा ‘४-के-डब्ल्यू’ येतात, तिन्ही कॅपिटल. गुजरातीचे बाइट ई० एए आणि ई० एबी, म्हणून तिथे ‘४-के’नंतर लहान लिपीतला ‘क्यू’ किंवा ‘यू’ येतो. बडोद्यात अर्जदाराचं नाव गुजरातीत आणि बाकी शीर्षक मराठीत असा प्रकार रोजचा. हेडरवर नजर टाकून कुठपर्यंत मराठी आणि कुठून गुजराती हे डिकोड न करताच सांगता येतं. अट एकच, की आधी स्पेस, इंग्रजी आकडा किंवा इंग्रजी अक्षर आलेलं नसावं, नाहीतर तीन-तीनचे गट सरकतात आणि हा नमुना बदलतो. हे सरकणं लक्षात ठेवा, तुमच्या दुसऱ्या तक्रारीचं मूळ तिथेच आहे.

आधी पहिली तक्रार. ‘=?यूटीएफ-८?बी?…?=’ या रूपाला एन्कोडेड-वर्ड म्हणतात (त्यातला ‘बी’ म्हणजे बेस६४). त्याचा नियम आरएफसी २०४७ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज), नोव्हेंबर १९९६. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की हे रूप अवतरणचिन्हांच्या आत वापरायचं नाही, आणि कन्टेन्ट-टाइप किंवा कन्टेन्ट-डिस्पोझिशनच्या पॅरामीटरमध्ये (‘फाइलनेम’, ‘नेम’ अशा उपनोंदींत) तर मुळीच नाही. पॅरामीटरसाठी वेगळी पद्धत आरएफसी २२३१ ने नोव्हेंबर १९९७ मध्ये दिली: नावापुढे तारा (*), मग अक्षरसंचाचं नाव, दोन एकेरी अवतरणचिन्हं, आणि पुढे टक्के-चिन्हांनी लिहिलेले बाइट्स. तरीही आजही कित्येक मेल-प्रोग्राम फाइलनेममध्ये एन्कोडेड-वर्डच कोंबतात. पायथॉनची जुनी पॉलिसी (मेल कसा वाचायचा याची नियमावली), म्हणजे ‘कॉम्पॅट३२’, नियमाला धरून चालते आणि ते नाव न उलगडता परत देते. तुम्ही पॉलिसी सांगितलेली नाही, त्यामुळे हीच लागू होते. हा लायब्ररीचा दोष म्हणता येणार नाही, पण आपलं काम त्यामुळे अडतं हेही खरं. जावाच्या बाजूलाही हीच भानगड आहे. तिथे ‘मेल.माइम.डीकोडफाइलनेम’ नावाचं सेटिंग आहे, ते मुळात बंद असतं, आणि त्याच्या माहितीतच लिहिलं आहे की हे चालू करणं नियमाविरुद्ध आहे पण काही मेल-प्रोग्रामशी जुळवून घ्यायला उपयोगी पडतं.

तुमच्यासाठी उपाय असा: पायथॉनच्या ‘गेट-फाइलनेम’मधून आलेलं नाव पाहा. ते तारेच्या पद्धतीने आलेलं असेल तर त्याला हात लावू नका, ते उलगडलेलंच असतं. साध्या पॅरामीटरमधून आलं असेल आणि त्यात ‘=?’ दिसत असेल तरच ते ‘डीकोड-हेडर’ला द्या. सरसकट सगळ्यांवर डिकोडिंग चालवू नका. तसंच साध्या ‘फाइलनेम’वर टक्क्यांचं डिकोडिंगही चालवू नका. तुमच्या तुकड्यात ते चालवलं आहे, आणि तेही वेब-फॉर्मसाठीचं, जे अधिक-चिन्हाचं स्पेस करतं. एखाद्याच्या फाइलचं नाव ‘इयत्ता १०+२’ असेल तर ते चिन्ह तिथेच नाहीसं होईल.

आता काळ्या चौकटी. इथे दोन वेगळे रोग एकाच लक्षणाने दिसतात, आणि चौकटी कुठे व किती आहेत यावरून ते ओळखता येतात.

तुम्ही दिलेल्या उदाहरणासारखंच एक नाव घेऊ: ‘दुसऱ्या हप्त्याची पावती’ आणि पुढे ‘.पीडीएफ’. एन्कोडेड-वर्ड जास्तीत जास्त ७५ अक्षरांचा असू शकतो. सुरुवातीची दहा आणि शेवटची दोन अक्षरं त्याच्या वेष्टनातच जातात. उरलेल्या ६३ मध्ये बेस६४ चे चारचे गट बसवायचे म्हणजे ६० अक्षरं, म्हणजे ४५ बाइट्स, म्हणजे देवनागरीचे १५ कोडपॉइंट. आपलं हे नाव ६९ बाइट्सचं आहे, त्यामुळे त्याचे दोन तुकडे होणारच. नियम सांगतो की तुकडा अक्षराच्या मध्ये पाडायचा नाही. पण पाठवणारा प्रोग्राम नुसते ४५ बाइट मोजून कापत असेल तर काय होतं ते मोजून पाहा. ‘दुसऱ्या’ हे सात कोडपॉइंट, २१ बाइट. मग स्पेस, २२. मग ‘हप्त्या’ हे सात कोडपॉइंट, आणखी २१, झाले ४३. पुढच्या ‘च’चे दोन बाइट पहिल्या तुकड्यात आणि तिसरा दुसऱ्यात. घेणाऱ्याने प्रत्येक तुकडा स्वतंत्र उलगडला तर ‘च’च्या जागी दोन चौकटी येतात आणि ‘ची’ची दीर्घ वेलांटी त्यांच्यापुढे एकटी लटकत राहते. तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये अगदी हेच दिसतंय.

यात एक गंमत आहे जिच्यामुळे हा बग महिनोन्महिने सापडत नाही. नाव संपूर्ण देवनागरीत असेल आणि मध्ये एकही स्पेस नसेल, तर ४५ ला तीनने पूर्ण भाग जातो, त्यामुळे काप नेमका अक्षराच्या सीमेवर पडतो आणि सगळं सुरळीत दिसतं. एक स्पेस आली की गट एका बाइटने सरकतो आणि अक्षर तुटतं. तीन स्पेस आल्या की पुन्हा जुळतं. तुम्ही लिहिलंय की ‘कधी चालतं, कधी नाही, सर्व्हरवर लोड असेल तेव्हा होत असावं’. लोडचा याच्याशी काही संबंध नाही. कापाच्या आधी स्पेस, इंग्रजी आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिळून किती आहेत ते मोजा, त्यावरून कोणतं नाव मोडणार हे तुम्हाला आधीच सांगता येईल.

उपाय म्हणजे शेजारशेजारच्या, एकाच अक्षरसंचाच्या तुकड्यांचे बाइट आधी जोडायचे आणि मग एकदाच डिकोड करायचं. ‘डीकोड-हेडर’ हेच करतं, म्हणून वर मी ते सुचवलं. पायथॉनची नवी ‘डिफॉल्ट’ पॉलिसी फाइलनेममधले एन्कोडेड-वर्ड आपणहून उलगडते, ही तिची मोठी सोय. पण ती तुकडा-तुकडा स्वतंत्र घेते, आणि न जुळलेले बाइट सरोगेट (खऱ्या अक्षराऐवजीच्या तात्पुरत्या खुणा) म्हणून नावात ठेवून देते. असं नाव स्क्रीनवर छापताना किंवा डेटाबेसमध्ये घालताना ‘सरोगेट्स नॉट अलाउड’ अशी एरर येते, तीही मेल वाचून झाल्यानंतर, भलत्याच फाइलीत. माणूस डेटाबेसला दोष देत बसतो. नवी पॉलिसी वापरायची असेल तर खुशाल वापरा, पण उलगडलेल्या नावात सरोगेट आहे का हे तिथल्या तिथे तपासा, आणि असेल तर कच्च्या हेडरवरून बाइट जोडण्याच्या वाटेने जा.

दुसरा रोग म्हणजे सबंध नावच चौकटींनी भरलेलं, आणि नीट मोजलं तर देवनागरीच्या एका चिन्हामागे तीन-तीन चौकटी. इथे पाठवणाऱ्याने काहीच एन्कोड केलेलं नसतं, यूटीएफ-८ चे बाइट सरळ हेडरमध्ये ओतलेले असतात. तुमच्याकडे हे मेल कुठून येतात ते पाहा. फतेहगंज किंवा रावपुऱ्यातल्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन कागद स्कॅन करायचे आणि दुकानदाराच्याच मशीनवरून मेल करायला सांगायचं, ही पद्धत विद्यार्थ्यांत सर्रास आहे. असं मशीन किंवा त्यासोबतचं जुनं सॉफ्टवेअर असे हेडर लिहू शकतं. ‘कॉम्पॅट३२’ त्या प्रत्येक अनोळखी बाइटच्या जागी एक चौकट ठेवते आणि मूळ बाइट तिथे हरवतात. अशा मेलसाठी ‘रॉ-आयटेम्स’मधून हेडर घ्यायचा, ‘सरोगेट-एस्केप’ने त्याचे बाइट परत मिळवायचे आणि ते काटेकोर यूटीएफ-८ म्हणून डिकोड करून पाहायचे. जमलं तर बहुधा तेच बरोबर असतं, कारण दुसऱ्या एन्कोडिंगमधला मजकूर योगायोगाने शुद्ध यूटीएफ-८ निघणं फार दुर्मीळ.

चौकटींऐवजी डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि त्यामागे ¤ हे चिन्ह, अशी जोडी पुन्हा पुन्हा दिसली, तर कुणीतरी यूटीएफ-८ ला विंडोज-१२५२ (रोमन लिपीचं जुनं एन्कोडिंग) समजून वाचलंय. अशा वेळी बाइट बहुधा अजून शाबूत असतात, उलट्या क्रमाने जाऊन नाव बरेचदा परत मिळवता येतं. फक्त हे कोण करतंय ते शोधा. तुमच्या बाबतीत ती मजकूर म्हणून ईएमएल उघडणारी ओळच असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

पोटात शिरलेलं ‘.पीडीएफ’ हे मात्र सर्वस्वी तुमच्या कोडच्या तुकड्यातलं आहे. आरएफसी २२३१ मध्ये लांब नाव ‘फाइलनेम*०*’, ‘फाइलनेम*१*’ असं क्रमांक घालून अनेक ओळींत लिहायची सोय आहे. टक्क्यांच्या पद्धतीत देवनागरीचा एक कोडपॉइंट नऊ अक्षरं खातो. हेडरची ओळ ७८ अक्षरांच्या आत ठेवावी असा संकेत आहे, आणि सुरुवातीचा ‘फाइलनेम’ वगैरे भाग वगळला तर एका ओळीत सहाएक कोडपॉइंट बसतात. म्हणजे साठच्या पुढे गेलेलं नाव दहापेक्षा जास्त तुकड्यांत येतं. ‘शिष्यवृत्तीसाठी अर्ज व सोबतची सर्व कागदपत्रे’ आणि पुढे अर्जदाराचं पूर्ण नाव, एवढ्यात साठ सहज ओलांडले जातात. इंग्रजी नावाला दहा तुकडे कधी लागतच नाहीत. तुम्ही तुकडे क्रमाने लावताना क्रमांक मजकूर म्हणून सॉर्ट केले आहेत, त्यामुळे क्रम ०, १, १०, ११, २ असा लागतो. शेवटचे तुकडे, एक्स्टेन्शनसकट, दुसऱ्या तुकड्याच्या मागे येऊन बसतात. क्रमांकाचं पूर्णांकात रूपांतर करून सॉर्ट करा, एवढंच.

त्याच फंक्शनमध्ये प्रत्येक तुकड्याचे टक्के सोडवून लगेच मजकूर बनवला आहे. तेही बदला. आधी सगळ्या तुकड्यांचे बाइट जोडा, मग पहिल्या तुकड्यात दिलेल्या अक्षरसंचाने एकदाच डिकोड करा. आणि ज्या तुकड्याच्या क्रमांकामागे तारा नाही, त्यातले टक्के सोडवायचे नाहीत. एकाच नावात काही तुकडे तारेसह आणि काही तारेविना असू शकतात, ते नियमात बसतं. खरं सांगायचं तर हे फंक्शन ठेवूच नका. पायथॉनचं ‘गेट-फाइलनेम’ ही जोडणी स्वतः करतं आणि नीट करतं. स्वतःचं कोड तेवढ्यासाठी सांभाळण्यात काही हशील नाही.

सेव्ह न होणाऱ्या फाइली हा पार्सिंगचा, म्हणजे मेल उलगडून वाचण्याचा, प्रश्नच नाही. तुमचा सर्व्हर लिनक्स आहे. तिथल्या एक्स्ट४ फाइलप्रणालीत नावाची मर्यादा २५५ बाइट्सची आहे, अक्षरांची नव्हे. देवनागरीचे ८५ कोडपॉइंट झाले की संपलं, ‘.पीडीएफ’ची रोमन चार अक्षरं धरली तर ८३. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये मर्यादा २५५ यूटीएफ-१६ एककांची, त्यामुळे तेच नाव पाठवणाऱ्याच्या लॅपटॉपवर बिनतक्रार राहतं आणि तुमच्याकडे ‘फाइल नेम टू लाँग’ येतं. कापायचंच असेल तर एक्स्टेन्शन बाजूला काढून ठेवा, उरलेलं नाव बाइट मोजत पण कोडपॉइंटच्या सीमेवर कापा, आणि शेवटी एकटा हलन्त उरला तर तोही काढा.

पण कापावं कशाला, हा माझा खरा मुद्दा. मेलमधून आलेलं नाव डिस्कवर वापरूच नये. फाइलीला तुमच्या प्रोग्रामने दिलेलं साधं नाव ठेवा, उदाहरणार्थ मेलचा अंतर्गत क्रमांक आणि भागाचा क्रमांक, आणि अर्जदाराने दिलेलं नाव डेटाबेसच्या रकान्यात जसंच्या तसं जपा. लांबीचा प्रश्न सुटतो, ‘../’ घालून भलत्या फोल्डरमध्ये शिरण्याचा धोका जातो, विंडोजवर ‘कॉन’ किंवा ‘नल’ नावाची फाइल बनत नाही म्हणून अडायला होत नाही. आणि ज्याने आपल्या मुलीच्या गुणपत्रिकेला प्रेमाने मराठीत नाव दिलं, त्याला पोच पाठवताना तेच नाव दिसतं. ट्रस्टच्या कामात या गोष्टीला किंमत आहे.

हे केलंत की तुमच्या रेग्युलर एक्स्प्रेशनची गरज उरत नाही, पण त्याने काय केलं ते समजून घ्या, कारण असं कोड सगळीकडे आढळतं. पायथॉनच्या ‘आरई’ मॉड्यूलमध्ये ‘\डब्ल्यू’ म्हणजे अक्षर, आकडा किंवा अंडरस्कोअर. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही युनिकोडच्या हिशेबात ‘मार्क’ आहेत, अक्षरं नाहीत. म्हणून ‘पावती’चं ‘प_वत_’ झालं. वेब-फ्रेमवर्कमधली ‘सुरक्षित नाव’ बनवणारी काही फंक्शन तर रोमनबाहेरचं सगळंच टाकतात, आणि ‘पावती.पीडीएफ’मधून नुसतं ‘पीडीएफ’ उरतं. मग दिवसभरात आलेल्या सगळ्या मराठी फाइली एकाच नावाने एकमेकींवर लिहिल्या जातात आणि कुठेही एरर येत नाही. काय चालेल याची यादी करण्यापेक्षा काय चालणार नाही याची यादी करा: कंट्रोल अक्षरं, तिरप्या रेघा, विंडोजला वर्ज्य असलेली चिन्हं, आणि मजकुराची दिशा उलटवणारी अदृश्य चिन्हं, यू+२०२ई आणि त्याची भावंडं. ही शेवटची विसरू नका. त्यांच्या आधारे ‘.ईएक्सई’ फाइल स्क्रीनवर ‘.पीडीएफ’ असल्यासारखी दाखवता येते.

अदृश्य चिन्हं काढताना मात्र झीरो-विड्थ जॉइनर, यू+२००डी, सोडून द्या. मराठीला तो लागतो. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो: एक, नुक्त्याचा ऱ (यू+०९३१) आणि हलन्त, दोन, साधा र, हलन्त आणि जॉइनर. दुसऱ्या तऱ्हेतला जॉइनर काढलात तर ‘दुसर्या’ उरतं आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो.

दोनदा नोंदल्या जाणाऱ्या पावतीचं कारणही इथेच सापडेल. यू+०९३१ युनिकोडच्या एनएफडी (सुट्या केलेल्या) रूपात ‘र’ आणि नुक्ता असा फुटतो. मॅकची जुनी एचएफएस-प्लस फाइलप्रणाली नावं अशीच फोडून ठेवते. म्हणजे विद्यार्थ्याने मोबाइलवरून पाठवलेली ‘दुसऱ्या हप्त्याची पावती’ आणि त्याच्या काकांनी जुन्या मॅकवरून पाठवलेली तीच पावती, दिसायला हुबेहूब, पण कोडपॉइंट वेगळे. तुलनेआधी दोन्ही नावं एनएफसी (जोडलेल्या) रूपात आणा, हा फरक मिटेल. जॉइनरवाला फरक मात्र एनएफसीने मिटत नाही. त्यामुळे फाइल तीच आहे का हे नावावरून ठरवूच नका, आतल्या बाइट्सचा एसएचए-२५६, म्हणजे मजकुराचा ठसा, काढा. एकच पीडीएफ दोनदा आली तर तो सारखाच येईल.

‘नोनेम’ म्हणून दिसणाऱ्या फाइलींचा उल्लेख तुम्ही शेवटी ओझरता केलाय. जीमेल नाव नसलेल्या भागाला तसं दाखवतं. तिथे पार्सर चुकलेला नसतो, नावच दिलेलं नसतं: मेलमध्ये जोडलेला दुसरा मेल, कॅलेंडरचं आमंत्रण, डिजिटल सही. ‘गेट-फाइलनेम’ तिथे ‘नन’ देतं. कन्टेन्ट-टाइपवरून एक्स्टेन्शन ठरवा आणि पुढे जा. जोडलेला मेल असेल तर त्याच्या आत शिरून त्यातल्या अटॅचमेंटही काढा, कारण पालक बऱ्याचदा शाळेकडून आलेला मेल तसाच जोडून पाठवतात. ‘विनमेल.डॅट’ दिसली तर ती आउटलुकची टीएनईएफ पेटी आहे, खरी कागदपत्रं तिच्या आत असतात आणि ती उघडायला वेगळा पार्सर लागतो.

दुरुस्ती करण्याआधी प्रत्येक प्रकाराचा एक-एक ईएमएल चाचणीसाठी ठेवा. पण हे विद्यार्थ्यांचे अर्ज आहेत, त्यात नावं, पत्ते, उत्पन्नाचे दाखले आहेत. ते जसेच्या तसे कोडच्या भांडारात टाकू नका. अटॅचमेंटचा मजकूर काढून चार अक्षरांची खोटी फाइल घाला, इतर हेडरमधले पत्ते बदला, आणि नावातली अक्षरंही बदला. फक्त बदलताना कोडपॉइंटची संख्या आणि स्पेसच्या जागा तशाच ठेवा, नाहीतर ४५ बाइट्सचा काप दुसरीकडे पडेल आणि बग असूनही चाचणी हिरवी, म्हणजे पास झालेली, दिसेल. हे मी हेक्स एडिटरमध्ये न करता छोट्या स्क्रिप्टने करतो: देवनागरी व्यंजनाच्या जागी दुसरं व्यंजन, स्वरचिन्हाच्या जागी दुसरं स्वरचिन्ह, बाकी सगळं जागच्या जागी.

प्रत्येक टप्प्यानंतर नाव छापून पाहताना नुसतं ‘प्रिंट’ करू नका, ‘अ‍ॅस्की’ फंक्शनमधून काढा, म्हणजे कोडपॉइंट आकड्यांत दिसतील. टर्मिनलचा फॉन्ट जॉइनर लपवतो, आणि फुटलेला ऱ जोडूनच दाखवतो.

सुरुवात मजकूर म्हणून फाइल उघडणाऱ्या ओळीपासून करा, मग जोडणीचं फंक्शन काढून टाका. माझ्या अंदाजाने एवढ्यानेच निम्म्याहून अधिक नावं सरळ होतील. त्यानंतरही जी मोडतील त्यांचे फक्त कन्टेन्ट-टाइप आणि कन्टेन्ट-डिस्पोझिशन हे दोन हेडर, वर सांगितल्याप्रमाणे नावं बदलून, मला पाठवा. बाकीचा मेल नको.